ऊस भरलेला ट्रक असा उभा राहत नाही

बस. त्याआधी तो ट्रक टेबलावर ठेव आणि वरची काचपेटी काढ. प्रदर्शनात लोकांनी फोटो काढले, कुणी ‘लय भारी’ म्हणालं, ते मी ऐकलं. आता माझं ऐक. आधी एवढंच सांग, हा ट्रक हाकणारा माणूस कुठल्या बाजूला बसतो?

नीट बघ. स्टीअरिंग डावीकडे आहे. नंबरप्लेटवर एमएच ५० लिहिलंस, म्हणजे गाडी कराडची. हौद्यात ऊस भरलास. फाळक्यावर ‘यमाई प्रसन्न’ लिहिलंस. आणि ड्रायव्हर नेऊन बसवलास अमेरिकेत. हा गडी पुसेसावळीच्या रस्त्याला बैलगाडीच्या पुढे गाडी काढणार कशी, मान खिडकीतून बाहेर काढून? तुझ्या हे लक्षात कसं आलं नाही, असं मी विचारत नाही, कारण त्याचं उत्तर मला ठाऊक आहे. तू ट्रक बघितलाच नाहीस. तू कॅटलॉग बघितलास.

हे पीटरबिल्ट ३५९ चं कीट, एएमटी या अमेरिकन कंपनीचं, १:२५ प्रमाणाचं. लांब नाकाचा, मागे दोन एक्सल असलेला अमेरिकन ट्रक. त्याला माझी हरकत नाही. आपल्या रस्त्यावरच्या ट्रकांची कीटं बाजारात सहजी मिळत नाहीत. तेव्हा परक्या कीटमधून आपली गाडी काढायची, हा मार्ग रास्तच आहे. चेसिस कापायची, बोनेट नव्याने घडवायचं, स्टीअरिंगची दांडी उजवीकडे न्यायची, हौदा पट्ट्या चिकटवून उभा करायचा. यात महिने जातात, पण गाडी आपली होते. तू काय केलंस? मागचा एक एक्सल काढून दहाची सहा चाकं केलीस आणि चेसिस होती तेवढीच लांब ठेवलीस. मग बोनेटवर तारा चिकटवलास आणि मला सांगितलंस, ‘सर, टाटा-मर्सिडीज.’

टाटा आणि डेमलर-बेंझ यांचा करार १९५४ चा. तो १९६९ मध्ये संपला, तेव्हा तारा उतरला आणि त्या जागी टाटांचा ‘टी’ आला. एमएच आणि पुढे जिल्ह्याचा आकडा ही पद्धत १९८९ ची. त्याआधीच्या गाड्यांवर ‘एम’ने सुरू होणारी तीन अक्षरं असत. नंतर आपला सगळा सातारा जिल्हा ११ वर चालला आणि कराडला वेगळा ५० मिळाला तो त्याच्याही पुष्कळ पुढे. म्हणजे या गाडीचं नाक आजोबाचं आणि नंबर नातवाचा. एखाद्या म्हाताऱ्या ड्रायव्हरला विचारलं असतंस तर चहा पिता पिता त्याने हे सांगितलं असतं. विचारलंस? नाही. बोनेटवरचा तो तारा मात्र परदेशातून मागवलास.

आता बिल काढ. हो, बिलच. मला रक्कम बघायची नाही, काय काय घेतलंस ते बघायचं आहे. रेझिनची चाकं आणि रबरी टायर, सहा. पितळी पत्रा ॲसिडने कोरून केलेले वायपर आणि जाळी. चकचकीत मुलामा दिलेला बंपर. दोन भोंगे. सीटवर घालायचं चामड्यासारखं कापड. डिकलचे दोन कागद. तूच म्हणालास की या ‘आफ्टरमार्केट’ सामानाचा खर्च कीटच्या दुप्पट झाला. दुप्पट पैसे देऊन तू एका चुकीच्या गाडीला अस्सल दागिने घातलेस.

चाकांपासून सुरुवात करू. फूटपट्टी नको, व्हर्नियर घे. रिम किती भरते? २६ मिलिमीटर. गुणिले २५ कर. ६५० मिलिमीटर, म्हणजे साडेपंचवीस इंच. आपल्या ट्रकला वर्षानुवर्षं कुठला टायर बसतो? १०.००-२०. त्यातला शेवटचा आकडा रिमचा. २० इंच, ५०८ मिलिमीटर, तुझ्या प्रमाणात वीस मिलिमीटरच्या किंचित वर. टायर बाहेरून साधारण १०५० मिलिमीटर भरतो, म्हणजे इथे ४२ हवा. १०.००-२० हा आकडा शोधायला कुठे जावं लागत नाही. टायरच्या अंगावरच तो ठसठशीत उठवलेला असतो. एसटी स्टँडवर उभं राहून वाचता येतो.

चाकांच्या पाकिटावर १:२४ लिहिलेलं आहे. मी हे दाखवल्यावर तू प्रदर्शनात हसून म्हणालास, ‘सर, एकाचाच तर फरक आहे.’ एकाचाच. सहा मीटरची गाडी १:२४ ला २५० मिलिमीटर होते आणि १:२५ ला २४० होते. एक सबंध सेंटिमीटर. चाकणला गाड्यांच्या कारखान्यात नोकरी करतोस तू. तिथे एखादा ब्रॅकेट मिलिमीटरभर सरकला तर लाइन थांबते आणि तुला कुणीतरी उभं करून विचारतं. संध्याकाळी खोलीवर आल्यावर तोच मिलिमीटर क्षुल्लक कसा होतो?

ही प्रमाणं कुणी हवेतून काढलेली नाहीत, एवढं तरी समजून घे. १:२४ म्हणजे एका फुटाला अर्धा इंच, नकाशा काढणाऱ्याच्या सोयीचं माप. १:४३ आलं ते ब्रिटिश खेळण्यातल्या आगगाडीकडून, फुटाला सात मिलिमीटर. रणगाड्यांचं १:३५ तर आणखी गमतीचं आहे. जपानच्या तामिया कंपनीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाडा केला, तेव्हा आत मोटर आणि बॅटरी मावली पाहिजे म्हणून जो आकार ठरला, तो पुढे साऱ्या जगाने धरला. आणि तुझी एएमटी १९४८ ला मिशिगनमध्ये निघाली ती मोटारविक्रेत्यांसाठी नमुन्याच्या छोट्या गाड्या करायला. दुकानातल्या खऱ्या गाडीशेजारी ती ठेवायची, गिऱ्हाइकाने दोन्हींकडे बघायचं. चूक असती तर जागच्या जागी उघडी पडली असती. १९५८ पासून त्यांनी एकाच खोक्यातून तीन तऱ्हांनी जोडता येतील अशी कीटं काढली. कंपनीतून आली तशी, हौसेने बदललेली, नाहीतर शर्यतीची. तिथल्या पोरांनी जादा भाग लावले, पण ती गाडी त्यांच्या गल्लीत रोज उभी असायची. मूळ काय आणि बदल काय, हे त्यांना ठाऊक होतं. तुला मूळच माहीत नाही, मग बदल कशात करतोस?

हा मडगार्ड बघ. कडेला प्लास्टिक दीड मिलिमीटर जाड आहे. पंचवीसपट केलं की साडेसदतीस. दीड इंची पत्रा! रणगाड्याला शोभेल. कीट ओतताना प्लास्टिक जाड ठेवावंच लागतं, नाहीतर साच्यातून भाग धड निघत नाही. त्याचा उपाय बाजारात विकत मिळत नाही. आतल्या बाजूने कानस मारायची, पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासायचं, आणि कड नखासारखी पातळ झाली की थांबायचं. बाहेरून बघणाऱ्याला फक्त कड दिसते. ती पातळ असली की सगळा पत्रा पातळ वाटतो. एका संध्याकाळचं काम आणि खर्च एका पॉलिश पेपरचा. ते तू केलं नाहीस, कारण त्याचा फोटो येत नाही.

केबिनच्या पाठीवर साच्याची शिवण तशीच आहे, तिच्यावरूनच रंग मारलास. दरवाज्याखाली, कीटच्या चौकटीच्या फांदीपासून भाग तोडला तिथलं ढेकूळ राहिलं आहे. पुढच्या काचेवर धुकं चढलंय ते थंडीमुळे नव्हे. इन्स्टंट गोंदाची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर बसते आणि पांढरी खूण सोडते. काच पांढऱ्या गोंदाने बसवायची असते, जो वाळल्यावर दिसेनासा होतो. बंपर हलतोय. हलणारच. मुलामा न खरवडता त्यावर सिमेंट लावलंस. कीटचं सिमेंट प्लास्टिक विरघळवून दोन भाग एकजीव करतं. मध्ये मुलाम्याचा थर असला तर ते प्लास्टिकपर्यंत पोचतच नाही. आणि रेझिनचे भाग कोरडेच घासलेस का रे? ती पूड फुफ्फुसात जाते. तोंडाला मास्क हवा आणि कागद ओला हवा. ही चूक मॉडेलची नाही, पण याच्यावर मी सगळ्यात जास्त रागावणार आहे.

आता मागे ये. ऊस भरला आहे ना? ठासून भरला आहे. मग खालचे स्प्रिंगचे पाटे बघ. कमानीसारखे वर उचललेले आहेत, जशी रिकामी गाडी गॅरेजमधून आत्ता बाहेर आली. अरे, हौद्यात टनांनी ऊस असताना पाटे सपाट होतात, गाडी बसते, मागचा टायर आणि हौद्याची फळी यांच्यातलं अंतर अर्ध्यावर येतं. खालचा टायर किंचित फुगतो. चढावर पुढचं नाक हलकं दिसतं. ऊस भरलेला ट्रक असा उभा राहत नाही. तुझ्या गाडीला सहा परदेशी टायर आहेत आणि अंगावर एका मोळीचंही वजन नाही.

थांब, तोंड पाडू नकोस, आता एक बरी गोष्ट सांगतो. ऊस बरोबर आहे. खराट्याच्या काड्या कापून केलास ना? साधारण मिलिमीटरभर जाडीच्या. शेतातला ऊस इंचभर जाड धरला तर पंचविसाव्या भागाला एवढाच येतो. लांबी जमली आहे, पेरांच्या जागी नखाने खुणा केल्यास, बुडख्याकडचा रंग शेंड्यापेक्षा गडद ठेवलास, मोळीला पाचटाचाच आळा बांधलास. मी भिंग लावून बघितलं. साऱ्या टेबलावर हाच एक भाग असा आहे की तो कुठल्या पाकिटातून आलेला नाही, आणि हाच बरोबर आहे. याचं कारण तुला कळतंय का? वडिलांबरोबर तू मोळ्या उचलल्या आहेस. ऊस तुझ्या खांद्याला माहीत आहे. ट्रक तुला फक्त पडद्यावर माहीत आहे.

तू औंधचा पोरगा आहेस म्हणून मला जास्त लागतं. यमाईच्या डोंगराच्या वाटेवर भवानी संग्रहालय आहे, राजेसाहेबांनी १९३८ ला उभं केलेलं. शाळेत असताना तुम्हाला तिथे नेलं की तुम्ही हस्तिदंताच्या कामापाशी धक्काबुक्की करायचात आणि अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतींपुढून पळत जायचात. त्या प्रतींपुढे परत एकदा उभा राहा. राजेसाहेब, म्हणजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, स्वतः चित्रकार. चित्रकारांना घेऊन अजिंठ्याला गेले, लेण्यांतल्या भिंतींवरून प्रती करून घेतल्या आणि १९३२ मध्ये अजिंठ्यावर पुस्तकही लिहिलं. अंधाऱ्या लेण्यात, पोपडे निघालेल्या भिंतीसमोर बसून एकेका बोटाचं वळण उतरवायचं म्हणजे काय, याचा विचार कर. मोठी भिंत कागदावर आणायची तर प्रमाण धरावंच लागतं. तिथे कुणी कान विकत आणून चिकटवला नाही.

तू म्हणशील, त्याच संग्रहालयात हेन्री मूरचं आई आणि मुलाचं शिल्प आहे, त्याने कुठे मापं पाळली? ही पळवाट मी तुझ्या आधीच्या पोरांकडून ऐकलेली आहे. मूरने माणसाचं शरीर आयुष्यभर रेखाटलं, आणि मग जे टाकायचं ते टाकलं. तू काही टाकलेलं नाहीस. तुझ्याकडे ते आलंच नव्हतं.

आणि यंत्राचीच गोष्ट हवी असेल तर तीही याच औंध संस्थानातली आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले. रंग नीट ओळखता येत नाहीत असं निघालं, तेव्हा चित्रकला सुटली आणि ते यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते तेच शिकवायचे. माझ्यासारखे ड्रॉइंग मास्तर, असं मी अधूनमधून म्हणतो आणि तुम्ही हसता, हसा. पुढे बेळगावला कारखाना काढला, १९०३ ला लोखंडी नांगर घडवला. लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात. १९१० ला बेळगावची जागा सोडायची पाळी आली, तेव्हा औंधच्या राजाने कुंडलजवळचं निवडुंगाचं माळरान दिलं. तिथे किर्लोस्करवाडी झाली. नांगराचा फाळ झिजला की नवा फाळ त्याच भोकांत, त्याच बोल्टवर बसला पाहिजे, हे त्या धंद्याचं मर्म. सुटा भाग विकायचा तर आधी मूळ यंत्र मापात हवं. तू उलटं करतोस. मूळ गाडी वेडीवाकडी, आणि सुटे भाग मापाचे. ते बसत नाहीत म्हणून रेझिनवाल्याला शिव्या देतोस. रेझिन वाळताना थोडं आक्रसतं, हे खरं. पण तुझी चाकं त्यामुळे बसली नाहीत असं नाही. ती दुसऱ्या प्रमाणाची आणि दुसऱ्या मापाची आहेत.

आता तुझं नेहमीचं रडगाणं: भारतात काही मिळत नाही, मागवलं तर ड्यूटी फार. फार आहे, मला माहीत आहे. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. मग निदान तेवढ्यासाठी तरी हात आखडता घेशील असं वाटलं होतं. पण तुझ्या कपाटात न उघडलेली कीटं किती आहेत, ते तुझ्या आईने मला सांगितलं. ती बिचारी धूळ पुसते आणि विचारते, ‘गुरुजी, यातलं एक तरी पुरं होतं का?’ तिला मी काय उत्तर देऊ? पोराला गाड्या करायच्या नाहीत, गाड्यांची खोकी हवी आहेत, असं सांगू?

सुटे भाग वाईट, असं माझं म्हणणं नाही. तेवढा जुनाट मी नाही. एखाद्या कीटमध्ये टायर खरोखर चुकीचे येतात, रेडिएटरची जाळी प्लास्टिकमध्ये जाड उतरते, तिथे कोरलेला पितळी पत्रा लावला की गाडी जिवंत दिसते. पण मूळ भाग का चुकला आहे, हे आकड्यात सांगता आलं तरच नवा भाग मागवायचा. ‘भारी दिसतो’ हा आकडा नव्हे.

तामियाचं मी मघाशी नाव घेतलं. त्या लोकांना पोर्शेचं मॉडेल करायचं होतं, तेव्हा त्यांनी एक खरीखुरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि तिचा भाग न् भाग सुटा करून बघितला. मग मॉडेल. तुला ट्रक विकत घ्यायला मी सांगत नाही. गळीत हंगाम चालू आहे, गोपूजला कारखान्याच्या रांगेत ट्रक तासन्‌तास उभे असतात. तोंड पुढे आलेले जुने टाटाही त्यात अजून दिसतात. फुकट आहे सगळं. नुसतं बघायचं आहे.

तर आता ऐक. हा ट्रक घरी ने आणि चाकं काढ. तारा काढ. भोंगे, बंपर, वायपर एका डबीत घालून डबी आईकडे दे. नवं काहीही मागवायचं नाही. रविवारी गोपूजला जा, बरोबर टेप घे आणि वही घे, पाठकोरी नव्हे, कोरी. आधी ड्रायव्हरला नमस्कार घालून विचार. जेवायला बसला असेल तर जेवण होऊ दे. चाकाला दगड लावला आहे का बघ, मगच खाली वाक, आणि गाडीखाली शिरायचं अजिबात नाही, माप बाजूने घ्यायचं. पुढच्या एक्सलच्या मध्यापासून मागच्या एक्सलच्या मध्यापर्यंत. जमिनीपासून चेसिसच्या वरच्या कडेपर्यंत. मागच्या टायरच्या माथ्यापासून हौद्याच्या फळीपर्यंत. पाट्यात पानं किती, ती मोज. फाळक्यावरची अक्षरं पेंटरने ब्रशने काढलेली असतील, ती तुझ्या प्रिंटरच्या अक्षरांसारखी नसतात. एक अक्षर तरी वहीत उतरव. मग गाडी काट्यावर जाईल, आत रिकामी होईल, त्याला वेळ लागेल. तोवर तिथेच थांब. ती बाहेर आली की जमिनीपासूनचं आणि टायरच्या माथ्यापासूनचं माप परत घे, त्याच जागेवरून. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिही, खाली गाडीचा नंबर आणि तारीख टाक, आणि सोमवारी चाकणची गाडी धरायच्या आधी वही माझ्याकडे ठेवून जा.